नावेची बाजू

कॅरिबियनच्या क्रूझला जाऊन आल्याला आता बरेच दिवस झाले, तरी फोन काही थांबलेले नाहीत. कुणाचा मुलगा अटलांटात, कुणाची लेक न्यू जर्सीत. "तुम्ही जाऊन आलात म्हणे. आम्हालाही नेणार आहेत. काय काय तयारी करायची, जरा सांगा ना." पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस हिशेब चोख सांगेल अशी लोकांची समजूत असते, आणि मी कादंबऱ्याही लिहितो म्हटल्यावर सोबत एखादा किस्सा ऐकायला मिळेल अशी आशा. पहिले काही महिने मी दोन्ही आनंदानं देत होतो. मग एक गोष्ट घडली आणि माझं सांगणं बदललं. ती गोष्ट पुढे येईलच.

आम्ही राहतो डिंभ्याला. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्यांना हे गाव ठाऊक असतं ते धरणामुळे. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवे झालेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पण बोलताना सगळे 'धरण' एवढंच म्हणतात. ज्या आंबेगावाच्या नावानं तालुका ओळखला जातो, ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला, नाव मात्र बुडालेल्या गावाचं. आमच्या हिचं माहेर त्याच पाण्याखाली गेलं.

हे सांगायचं कारण, मुलानं एक दिवस फोनवर जाहीर केलं, "आई, सरप्राइज! एप्रिलमध्ये आपण सगळे क्रूझवर जातोय." साल २०२४. आम्ही दोघं, मुलगा-सून, दोन नातवंडं आणि व्याही-विहीणबाई, अशी आठ माणसं. फ्लोरिडाहून निघायचं, मेक्सिकोचं कोझुमेल, मग ग्रँड केमन, मग जमैका आणि सात रात्रींनी परत. ही एवढंच म्हणाली, "पाणी बघायला एवढं लांब कशाला? मागच्या दारी आहे की." आम्ही सगळे हसलो. तिला जायचंय का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिकिटं काढून झाली होती ना!

नियोजनातली आमची पहिली चूक हीच. आजकाल मुलं आईवडिलांना प्रेमानं नेतात, खर्च करतात, आणि विचारायचं तेवढं विसरतात. पाण्याची भीती आहे का, बंद खोलीत झोप लागते का, गुडघे किती चालतात, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे सगळं कॅबिन निवडण्याआधी विचारायचं असतं. आमच्या मुलानं हौसेनं वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची कॅबिन घेतली. दृश्य छान दिसतं म्हणून. जहाज सर्वांत जास्त हलतं ते वर आणि टोकांना. हलणं नको असेल तर मधोमध आणि खालच्या मजल्यावरची कॅबिन घ्यावी, लिफ्टपासून फार लांब नसलेली. ती सहसा स्वस्तही पडते. आम्ही जास्त पैसे मोजून जास्त हललो.

कागदपत्रांच्या बाबतीत एका गोष्टीपासून फार सांभाळा. अमेरिकेतले लोक सल्ला देतात तो अमेरिकन नागरिकांपुरता असतो. जहाज अमेरिकेतल्याच बंदरातून निघून तिथंच परतणार असेल तर त्यांना पासपोर्टाऐवजी जन्मदाखल्यावरही जाता येतं. माझी नातवंडं तशी जाऊ शकतात. आजी-आजोबांना ते लागू नाही. आपल्याला भारतीय पासपोर्ट हवा आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा, कारण जहाज निघालं की आपण अमेरिकेबाहेर पडलो आणि परतताना पुन्हा आत आलो. मुंबईतल्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधीकधी महिनोन्‌महिने लागतात. तिकिटाआधी ती पाहावी. वाटेतल्या प्रत्येक बेटाचे नियम निराळे आणि बदलते. ते जहाज कंपनीकडून लेखी घ्यावेत, शेजाऱ्याच्या जावयाकडून घेऊ नयेत.

आता पैसे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला दर माणशी असतो, आणि तोही खोलीत दोघं धरून. त्यावर बंदरांचे कर. त्यावर सेवकांची बक्षिसी. ती ऐच्छिक वाटते, पण दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढतात. नातवंडालाही बक्षिसी लागते हे आम्हाला तिथं कळलं. सरबत, सोडा, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, सगळं वेगळं. जहाजावर रोख चालत नाही, कॅबिनचं कार्ड पुढे करायचं आणि सही करायची. खिशातून नोट जात नाही म्हणून खर्च होतोय असं वाटत नाही. हे मी ग्राहकांना क्रेडिट कार्डाबद्दल वर्षानुवर्षं सांगत आलो आणि तिथं स्वतः फसलो. विमान, अमेरिकेतला एका रात्रीचा मुक्काम, विमा हे सगळं धरल्यावर जाहिरातीतल्या १०० रुपयांचे आमचे पावणेतीनशे झाले. भारतातून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस कापला जातो, ऑक्टोबर २०२० पासून. त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, तेव्हा पैसे भरतानाचा दर विचारून घ्यावा. हा खर्च नव्हे, आयकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, पण तोवर पैसे अडकतात. पेन्शनरांनी हे ध्यानात ठेवावं.

एका रात्रीचा मुक्काम म्हटलं, तो वाचवू नका. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या गावात पोचलेलं बरं. विमानाला उशीर झाला तरी जहाज थांबत नाही. बंदरावर उतरल्यावरही तसंच. कंपनीच्याच सहलीला गेलात तर ते थांबतात; स्वतः टॅक्सी करून गेलात तर ठरल्या वेळेला जहाज निघून जातं आणि पुढच्या बेटापर्यंत आपल्या खर्चानं जायचं.

हंगामाचं गणित आपल्या सुट्ट्यांशी जुळवून पाहण्यासारखं आहे. तिथं चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सर्वांत जोर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे आपली गणपती-दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात. तिकिटं तेव्हा स्वस्त असतात ती काही उगीच नव्हे. एप्रिल-मे आपल्याला सोयीचे. आम्ही परतून दोन महिने होतात न होतात तोच, जुलै २०२४ च्या सुरुवातीला 'बेरिल' वादळ ग्रेनाडाच्या कारियाकू बेटाला उद्ध्वस्त करून जमैका आणि केमनच्या अंगावरून गेलं. वादळ आलं की कंपनी मार्ग बदलते, बेटं गाळते, आणि तसं करण्याचा हक्क तिकिटावरच्या बारीक अक्षरांत तिनं राखून ठेवलेला असतो. ती अक्षरं वाचावीत. बँकेत सही करताना लोक वाचत नसत, ते सुट्टीवर जाताना काय वाचणार म्हणा.

पहिल्या दिवशी जहाज सुटण्याआधी आणीबाणीची कवायत होते. कुठं जमायचं, जॅकेट कसं घालायचं. अर्धे लोक त्या वेळी जेवणाच्या रांगेकडे डोळे लावून असतात. व्याही म्हणाले, "एवढं मोठं जहाज, याला काय होतंय!" मी त्यांना 'रामदास'ची आठवण दिली. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. इटलीच्या किनाऱ्याशी जानेवारी २०१२ मध्ये कलंडलेलं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' तर चांगलं अवाढव्य होतं. व्याही जॅकेट घालून उभे राहिले.

सामान जहाजावर चढवताना आपल्या हातून घेतात आणि कॅबिनमध्ये कधीकधी संध्याकाळी पोचतं. औषधं, पासपोर्ट, चष्मा आपल्या खांद्यावरच्या पिशवीत हवेत. उतरण्याच्या आदल्या रात्री उलटा प्रकार: बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, रात्रीत त्या नेतात. मी शिस्तीत सगळं भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी उठलो तेव्हा अंगावर लेंगा आणि बनियन. मुलाची पँट मला पोटावर बसेना. अमेरिकेच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे मी लेंग्यावर उभा होतो. योगायोगानं ती आदली रात्र संकष्टीची होती. हिनं उपास धरलेला, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला चंद्रोदय मुंबईचा! नातवानं तिथली वेळ शोधून काढली आणि आजीनं डेकवर जाऊन चंद्राला नमस्कार केला. शाकाहारी जेवणाचं विचाराल तर ते चांगलं मिळतं. मात्र बुकिंग होताच लेखी कळवावं आणि पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला गाठावं. घरचं शिजवलेलं बऱ्याच जहाजांवर चालत नाही. दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं, तेव्हा मेतकुटाची डबी घरी ठेवून चिवड्याचं पाकीट न्यावं.

जमैकाबद्दल मात्र मला अजून हळहळ आहे. १९७१ साली मी शाळेत होतो. वाडेकरांच्या संघानं किंग्स्टनच्या सबीना पार्कवर वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला, दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, हे पेपरात वाचून आम्ही पोरं नाचलो होतो. पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला सुनील गावसकर पहिल्यांदा उतरले आणि भारत जिंकला. माहितीपत्रकात 'जमैका' वाचलं तेव्हा मी मनानं सबीना पार्कच्या गॅलरीत जाऊन बसलो. जहाज लागलं ते फाल्मथला. ते उत्तर किनाऱ्यावर, किंग्स्टन बेटाच्या दक्षिणेला. जाऊन येण्याएवढा वेळच नाही. मी धक्क्यावर एक शहाळं प्यायलो आणि परत फिरलो. तेव्हा बेटाचं नाव वाचून भुलू नका, बंदराचं नाव पाहा आणि नकाशा उघडा.

ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्याला नेतात. गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी, चाकाच्या खुर्चीवाल्यांनी अशी बंदरं कुठली ते आधी विचारून ठेवावं. त्या दिवशी पाणी थोडं उसळत होतं. बोट वर यायची, खाली जायची. विहीणबाई दारातच थबकल्या, मीही मागे सरकलो. ही पुढे झाली, क्षणभर पाण्याकडे पाहिलं आणि सरळ पाऊल टाकून आत जाऊन बसली. मग विहीणबाईंना म्हणाली, "ताई, बोट वर आली की पाय टाकायचा. खाली जाताना नाही. आणि खाली बघायचं नाही, समोर बघायचं." धरणात पाणी चढल्यावर पलीकडच्या काठावरच्या नातलगांकडे ती वर्षानुवर्षं लाँचनं जात होती. पलीकडच्या वाड्यांना त्या लाँचनंच दवाखाना, बाजार, शाळा गाठावी लागे. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी ती बोटीला सरावलेली आहे हे मला केमनला समजलं.

त्याच रात्री आम्ही डेकवर उभे होतो. तिनं नातवाला विचारलं, "खाली किती खोल असेल रे?" त्यानं सांगितलं, केमनचा खंदक, सगळ्या कॅरिबियनमधली सर्वांत खोल जागा, साडेसात किलोमीटरहून जास्त. ती थोडा वेळ पाहत राहिली. म्हणाली, "मग याच्या तळाला कुणाचं गाव नसेल."

मी काही बोललो नाही. खरं तर तिकिटं काढायच्या आधी बोलायला हवं होतं.

परतल्यावर लोकांना मी काय सांगितलं? जेवणाचे प्रकार किती, पोहण्याचे तलाव किती, नाटकगृह केवढं. "पेल्यातलं पाणी हलत नाही हो, बिनधास्त जा." हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! वास्तविक वाटेत एका रात्री मला चांगलीच बोट लागली होती. 'बोट लागणं' हा शब्द मराठीला कोकण बोटींनी दिला. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला, पणजीला जाणारी ती पिढी सगळं उघड सांगत असे: लिंबू बरोबर घ्या, पोट अगदी रिकामं ठेवू नका, कोपऱ्यात बसू नका, ओकारी होते. त्यात लाज नव्हती. मी मात्र लपवलं. जहाजावरच्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेतलं, त्याचे पावणेतीनशे डॉलर खात्यावर चढले, तेही लपवलं. सबीना पार्क लपवलं, लेंगा लपवला, हिचं वाक्य तर कुणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. जमेची बाजू तेवढी वाचून दाखवायची आणि नावेची बाजू झाकून ठेवायची, असा ताळेबंद माझ्या हाताखालच्या कारकुनानं आणला असता तर मी तो त्याच्या टेबलावर परत पाठवला असता.

माझा बँकेतला एक जुना मित्र माझ्या भरवशावर गेला. त्याच वर्षी, स्वस्ताच्या हंगामात. रक्तदाबाची गोळी त्याला पंधरा वर्षांपासून चालू. विम्याच्या अर्जात त्यानं ती लिहिली नाही. हप्ता वाढतो म्हणून. मला विचारलं होतं, "विम्याचं एवढं काही लागतं का रे?" मी म्हणालो, "आम्हाला तर काही लागलं नाही." लागलं होतं, पावणेतीनशे डॉलरचं लागलं होतं. प्रवासाच्या चौथ्या दिवशी त्याच्या छातीत दुखलं. जहाजावर तपासण्या झाल्या, मग एका बेटावर उतरवून तिथल्या रुग्णालयात, आणि तिथून विमानानं अमेरिकेत. माणूस वाचला, हिंडतो-फिरतो. आधीचा आजार लपवल्यामुळे विम्याचा दावा मात्र नाकारला गेला आणि दोन मुदत ठेवी मोडाव्या लागल्या. तो मला एका शब्दानं बोलला नाही. त्याच्या बायकोनं आमच्या हिला सांगितलं, आणि हिनं मला. तिनंही दुसरं काही म्हटलं नाही.

तेव्हापासून फोन आला की मी नावेच्या बाजूनं सुरुवात करतो. विमा घ्या, त्यात सगळे आजार लिहा, अगदी जुनी शस्त्रक्रियासुद्धा. समुद्रावरून उचलून नेण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते पाहा. औषधं दुप्पट दिवसांची न्या, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानिशी न्या. जहाज सुटलं की मोबाइल विमानातल्यासारखा बंद ठेवा, उपग्रहावरून लागणाऱ्या फोनचं बिल फार येतं. आणि एवढं सगळं करण्याआधी घरातल्या बाईला, म्हाताऱ्याला शांतपणे विचारा, तुम्हाला जायचंय का. काही लोकांना माझं हे सांगणं रुचत नाही. "अहो, फिरायला चाललोय, इस्पितळात नाही," असं एकानं ऐकवलं. ऐकवू दे. फोटो दाखवायला पुष्कळ लोक आहेत.

शक्य असेल तर आधी जवळची एक सफर करून पाहावी, असंही सुचवतो. २०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' निघाली तेव्हा लोकांना केवढं अप्रूप होतं! २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' सुरू झालं. ते जहाज १९९० सालचं, पूर्वी निराळ्या मालकाकडे असताना फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांनाच फिरत असे. दोन रात्रींत कळतं की आपल्याला बोट लागते की नाही. तो खर्च वाया जात नाही.

परवा हिच्या माहेरच्या गावातल्या एक मावशी आल्या होत्या. धरण झाल्यावर त्यांचं घर वर डोंगराच्या बाजूला गेलं. सत्तरीच्या पुढच्या. नातू मुंबईत नोकरीला आहे, तो त्यांना जहाजानं गोव्याला नेणार म्हणतोय. ओट्यावर टेकून त्यांनी चौकशी सुरू केली, आणि इतक्या फोनांत कुणी विचारले नव्हते असे प्रश्न विचारले. प्यायचं पाणी कुठलं? रात्री दिवा असतो का? कुणी मेलंच तर काय करतात?

"पाव्हणं, चढायला फळी असती का शिडी?"

"कठड्याची फळी असते मावशी, रुंद. पिशवी नातवाकडे द्या आणि कठडा धरा."

"आन् वकारी झाली तर?"

"होते कुणाकुणाला. मलासुद्धा झाली होती. एक रात्र."

ही आतून चहा घेऊन येत होती. म्हणाली, "एक नाही, दोन."